मिलोचा घोडा

“श्वास आत ओढ. नाकानं. आणि हसू नकोस गं, हसलीस की पाणी आत येतं.”

“पाणी आहे कुठं? अजून धक्क्यावरच उभ्या आहोत आपण!”

“म्हणून तर सांगते. इथं हसलीस तर तिथंही हसशील.”

एनेदिनानं काचेचा मास्क तार्खेलियाच्या तोंडावर दाबून धरला होता, मागचा पट्टा न लावता. नाकानं श्वास ओढल्यावर मास्क आपला आपण चेहऱ्याला चिकटून राहिला, तर तो त्या माणसाचा. पडला तर दुसरा घ्यायचा. व्हियामीलच्या बंदरावर मास्क आणि रबरी सूट भाड्यानं देणाऱ्या दुकानात तिचं अर्धं आयुष्य याच कामात गेलं होतं. जगभरातली माणसं तिच्यापुढं येऊन नाकं पुढं करत आणि ती त्यांना हेच दोन शब्द सांगे: हसू नका. गालाला खळी पडली की रबर सुटतं. समुद्र तेवढ्या फटीचीच वाट बघत असतो.

तार्खेलियानं श्वास ओढला, हसू दाबलं, दाबता दाबता ते नाकावाटे फुटलं आणि मास्क टपकन एनेदिनाच्या हातात पडला. बाकावर पसरलेल्या समुद्रसिंहानं एक डोळा उघडून दोघींकडे बघितलं आणि पुन्हा मिटून घेतला.

“हिच्या तोंडाला बसेल असा मास्क अजून जन्माला यायचाय,” बोटीवरून कप्तान वॉशिंग्टन ओरडला. “आटपा बायांनो! भरती तुमच्यासाठी थांबायची नाही.”

कप्तानाची बोट दर वर्षी ऑगस्टात रंगायला काढली जायची. नवा रंग लागला की पहिली फेरी गल्लीतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची, फुकट. परदेशी पाहुणे त्यानंतर. अशी बोटीला शेजाऱ्यांची दृष्ट आधीच लागून जाते आणि मग वर्षभर लागत नाही, असं कप्तानाचं गणित होतं. दर वर्षी अख्खी गल्ली पातेली-टोपल्या घेऊन बोटीवर चढायची. आणि दर वर्षी एनेदिना दुकानाच्या दारातून हात हलवून म्हणायची, “तुम्ही या जाऊन, मला सूट शिवायचेत.”

ती डोंगरातली बाई. मुख्य भूमीवर आंबातोच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी ओढ्यात किंवा हंड्यात असतं, तिथं जन्मलेली. लग्न होऊन ग्वायाकिलहून मालवाहू बोटीनं ती या बेटावर आली, ती तीन दिवस उलट्या करत. किनाऱ्याला पाय लागताच तिनं शपथ घेतली होती की पुन्हा म्हणून बोटीत बसायचं नाही. शपथ तिनं पाळलीही. समुद्रापासून शंभर पावलांवर संसार केला, समुद्रावरच पोट भरलं, पण घोट्याच्या वर पाणी म्हणून येऊ दिलं नाही.

आज मात्र ती बोटीवर चढली. अंगात रबरी सूट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, काखेत कापडी पिशवी. सगळी बोट टाळ्या वाजवायला लागली.

“अगं बाई, खरंच आली की!”

“पैजेपायी आली,” तार्खेलिया म्हणाली. “आणि हरून परत जाणार. बघाच तुम्ही.”

ही पैज कशी लागली ते सांगायला हवं, म्हणजे मिलोबद्दल सांगायला हवं.

फ्लोरेसमिलो, म्हणजे मिलो, हा एनेदिनाचा नवरा. पर्यटकांच्या बोटींवर नांगर टाकायचं, माणसांना हात देऊन पाण्यात उतरवायचं आणि पुन्हा वर ओढायचं, हे त्याचं काम. पण खरा धंदा म्हणजे बोलणं. संध्याकाळी घरी आला की ओला शर्ट दोरीवर टाकायचा, बादली पालथी घालून तिच्यावर बसायचा आणि सुरू व्हायचा. आज देवळाच्या दाराएवढा मासा हवेत उडाला. आज कासव माझ्याशी नजरानजर करून गेलं. आज पेंग्विन बंदुकीच्या गोळीसारखा माझ्या दोन्ही पायांतून पार झाला. एनेदिना फाटक्या सुटांना गोंद लावत ऐकायची, निम्मं ऐकायची, आणि म्हणायची, “पुरे, मिलो.” त्याला पुरे हा शब्द ठाऊकच नव्हता. तिला स्वतःला दिवसातलं काही सांगायचं असलं, तर दुसऱ्या वाक्याला हा मध्ये घुसायचा आणि तिसऱ्याला पुन्हा समुद्रात.

मुलीच्या, लिसेथच्या बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत त्यानं घोड्याची गोष्ट सांगितली. काबो रोसाच्या खाडीत, खारफुटीच्या मुळांत, समुद्रघोडे असतात. आणि त्यांच्यात बाळंतपण बाप करतो. बाई अंडी बापाच्या पोटातल्या पिशवीत टाकून मोकळी होते, आणि हा बिचारा पोट पुढं काढून मुळाला शेपटी गुंडाळून उभा राहतो. “मी बघितलाय,” मिलो म्हणाला, “एवढं पोट! आणि तोंडावर अशी काळजी, अगदी माझ्यासारखी.”

पाद्रीबाबांच्या घशात कोंबडी अडकली. लिसेथला मांडीवर घेऊन बसलेली तार्खेलिया इतकी हसली की बाळ रडायला लागलं. त्या दिवसापासून एनेदिना आणि ती एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या, मुलीची एक आई आणि एक धर्माची आई, आणि त्या नात्याच्या हक्कानं रोज भांडू लागल्या. आणि त्याच दिवसापासून गावात थापेला नाव मिळालं. कोणी म्हणालं, उद्या पैसे देतो, की समोरचा म्हणे, “हा मिलोचा घोडा तर नाही ना?” हवामान खात्यानं ऊन सांगितलं आणि धुकं आलं, की मिलोचा घोडा. उमेदवारानं गावाला गोडं पाणी देण्याचं वचन दिलं, की मिलोचा घोडा. मिलो स्वतःही हसायचा. पण हसून झाल्यावर बायकोकडे बघून हळूच म्हणायचा, “तू तरी एकदा ये आणि बघ.”

ती “बघू” म्हणायची. ग्वायाकिलच्या इस्पितळात, नळ्या लावलेल्या असताना, तो तेच म्हणाला; आणि ती तेच म्हणाली. तिथून ती त्याला विमानानं परत घेऊन आली, पेटीतून.

त्याला दोन वर्षं झाली. लिसेथ शिकून गाइड झाली आणि आता याच बोटींवरून पर्यटकांना फिरवायची. ती सांगून थकली की आई, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, पुस्तकात आहे, खरं आहे. पण गावाची म्हण एकदा रुळली की पुस्तकाला कोण विचारतो? गेल्या आठवड्यात बेकरीत कोणीतरी काही बोललं आणि तार्खेलिया सवयीनं म्हणून गेली, “मिलोचा घोडा!” एनेदिनानं पावाची पिशवी खाली ठेवली.

“तो खोटं बोलत नव्हता.”

“अगं कोमाद्रे, मी आपली गमतीनं...”

“गंमत पुरे झाली. तुझी लेक सांगते खरं आहे.”

“ती धर्माची लेक आहे, पण गाइड आहे. गाइड लोक पाहुण्यांना खूश करायला वाट्टेल ते सांगतात. मी माझ्या डोळ्यांनी बघीन तेव्हा मानीन.”

“मग चल. बघ डोळ्यांनी.”

अख्खी बेकरी वळून बघायला लागली. समुद्राला पाय न लावणारी बाई बोलत होती. बेकरीवाल्यानं पिठाच्या हातानंच दोघींचे हात एकमेकींत दिले. पोटुशी बाप दिसला, तर तार्खेलियानं मिलोच्या थडग्याशी जाऊन, अख्ख्या स्मशानाला ऐकू जाईल अशा आवाजात माफी मागायची. नाही दिसला, तर एनेदिनानं याच बेकरीत उभं राहून म्हणायचं की माझा नवरा थापाड्या होता.

हात सोडल्यावर तिला कळलं की आपण काय पणाला लावलं. पण शब्द दिला होता.

बोट बंदर सोडून मोकळ्या पाण्याला लागली. धुकं विरलं होतं, किनाऱ्याचा काळा लाव्हा उन्हात चमकत होता आणि नवीन हिरव्या रंगाचा वास सगळीकडे भरला होता. तार्खेलियानं टोपली उघडून हिरव्या केळ्याचे चीज भरलेले गोळे वाटायला सुरुवात केली. एनेदिनानं एक घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. तिचा दुसरा हात बाकाच्या कडेवरून सुटत नव्हता.

“आई, लांब बघ. खाली बघू नकोस,” लिसेथ म्हणाली.

“लांब काय आहे?”

तेवढ्यात लांब ते झालं. पाणी फाटलं आणि आतून एक काळा पसारा वर उडाला. पंख पसरलेला, पोट पांढरं; हवेत क्षणभर थांबल्यासारखा दिसला आणि धाडकन पाठीवर पडला. बोटीवर एकच आरडाओरडा झाला.

“मांटा मासा! मांटा!”

“आणखी एक! तो बघा, तिकडं!”

तिसरा इतका जवळ उडाला की पाण्याचे शिंतोडे केळ्याच्या टोपलीत पडले. एनेदिना उभी राहिली होती. दोन्ही हात सोडून. आपण उभ्या आहोत हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

“देवळाच्या दाराएवढा,” ती म्हणाली. “मी म्हणायची, मिलो, पुरे कर. अगं, हा तर दारापेक्षा मोठा आहे!”

“मग मोजून सांगायला नको?” कप्तान हसला. “बोलायचा एवढा आणि सांगायचा कमी.”

तार्खेलियानं पाण्यात भिजलेला गोळा उचलला, बघितला आणि खाऊन टाकला.

खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. दोन्ही बाजूंना लाव्ह्याचे सुळे आणि मधून बोटीपुरती वाट. कप्तानानं इंजिन हळू केलं, मान मागं वळवली आणि लाटा बघत थांबला. एक जाऊ दिली. दुसरी जाऊ दिली. पातेल्याची झाकणं तेवढी वाजत होती.

“धरा रे!” तो ओरडला आणि बोट लाटेच्या पाठीवर चढली. कोणी देवाला हाक मारली, कोणी आईला. एनेदिना मात्र लहान पोरीसारखी किंचाळली, आणि ती किंचाळी भीतीची नाही हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं. लाटेनं त्यांना आत फेकलं आणि एकदम सगळं शांत झालं. बशीतल्यासारखं स्थिर पाणी, तळ दिसत होता. वर काळ्या दगडांच्या कमानी, कमानींवर निवडुंग, आणि एका कमानीवर निळ्या पायांचा बूबी पक्षी पाय उचलून बायकोला दाखवत होता. आधी डावा, मग उजवा. बायकोनं मान फिरवली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

“हा आमच्या गावचाच आहे,” तार्खेलिया म्हणाली आणि बोट खदखदून हसली.

लिसेथनं शिट्टी वाजवली. “ऐका! आता मी तुमची भाची-पुतणी नाही, गाइड आहे. काही हात लावायचा नाही, कशावर उभं राहायचं नाही. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी ही नारिंगी ट्यूब धरायची, मी ओढीन. कोण येतंय पहिलं?”

“मी,” एनेदिना म्हणाली, कारण क्षणभर थांबली असती तर म्हणता आलं नसतं.

तिनं मास्क लावला. हा तिनं स्वतःसाठी काल निवडला होता, लहान पोरांचा, जांभळ्या काठाचा. तिचा चेहरा चिमुकला होता आणि मोठ्यांचा एकही बसेना. केसांची बट रबराखाली अडकली नाही ना, हे बोटांनी चाचपलं. तोंडात श्वासाची नळी धरली. शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाणी सुटातून मानेत शिरलं तेव्हा तिच्या तोंडून नळीतूनच एक शिवी बाहेर पडली, आणि डोंगरातली भाषा कोणालाच येत नव्हती म्हणून बरं झालं.

मग तिनं तोंड पाण्यात घातलं.

पहिल्यांदा फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला. मोठा, भोंग्यासारखा. आणि मग खाली तिला कासव दिसलं. टेबलाएवढं. ते शेवाळ खात होतं, हिरवं, कुरतडत, आणि त्याच्या पाठीवर पिवळे बारके मासे साफसफाई करत होते. त्यानं मान वर केली. त्याचा डोळा ओला, म्हातारा, शहाणा होता, आणि तो तिच्याकडेच बघत होता. नजरानजर. तिला वाटलं, ओरडून कोणाला तरी सांगावं. कपारीखाली पांढऱ्या टोकाच्या पंखांचे शार्क एकाला एक लागून झोपले होते, आणि तिला भीती वाटायला हवी होती, पण तिच्या मनात आलं की यांच्या अंगावर कोणीतरी पांघरूण घालायला हवं. मग डाव्या बाजूनं काहीतरी सुटलं. काळं-पांढरं, बुडबुड्यांची रेघ मागं सोडत, ट्यूबच्या खालून पार. पेंग्विन होता. तो बघितला म्हणेपर्यंत गेलासुद्धा.

तिनं तोंड वर काढलं, नळी थुंकली.

“बंदुकीच्या गोळीसारखा! लिसेथ! गोळीसारखा गेला!”

“हो आई, मी बघितला.”

“तुझा बाप खरं सांगायचा गं! सगळं!”

“मी तेच सांगते ना किती वर्षं!”

पण घोडा राहिला होता. आणि पैजेत स्पष्ट होतं: तार्खेलियाच्या डोळ्यांनी. तार्खेलिया कुठं होती? तार्खेलिया बोटीवर, शिडीचे दोन्ही दांडे धरून, एक पाय पाण्याला लावून उभी होती.

“ये की!”

“बोटीवर कोणीतरी वजन हवं. बोट हलते.”

“नांगर टाकलाय!” कप्तान म्हणाला.

“माझ्या मास्कात पाणी येतं.”

“अजून तू पाण्यात कुठं उतरलीस?”

एनेदिना ट्यूबला धरून शिडीपाशी आली. जवळून बघितल्यावर तिला दिसलं की पाणी जरा हललं की कोमाद्रे पाय वर ओढून घेतेय. अख्ख्या गावाला धारेवर धरणारी ही बाई, बंदरावर जन्मलेली, बंदरावर वाढलेली. आणि हिलाही पाणी घोट्यापर्यंतच माहीत होतं.

“तुला पोहता येत नाही,” एनेदिना हळू आवाजात म्हणाली.

“ओरडून सांग की सगळ्यांना.”

“इतकी वर्षं म्हणत आलीस, मी माशासारखी पोहते.”

तार्खेलियानं ओठ दाबले आणि मग तिच्यानं राहवेना. “मिलोचा घोडा,” ती पुटपुटली. आणि दोघी अशा हसल्या की लिसेथला ट्यूब सांभाळावी लागली.

“मला हात देशील?” तार्खेलिया म्हणाली.

“दिला.”

ती खाली आली, देवाची सगळी नावं घेत. तोंड पाण्यात घातलं आणि लगेच वर काढलं. मास्कात अर्धं पाणी. हसण्यानं रबर जागचं हललं होतं, आणि तार्खेलियाचं हसू थांबत नव्हतं. आणि इथं एनेदिनाच्या हातांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते. समोरच्याच्या मास्कात पाणी येतंय. त्याला चांगला मास्क द्यायचा. तिनं स्वतःचा काढला, झटकला, कोमाद्रेच्या तोंडावर दाबला. “श्वास ओढ.” तो चिकटला. पोरांचा मास्क त्या रुंद तोंडावर बसला कसा हे देवालाच ठाऊक, पण बसला. पट्टा लावून झाल्यावर तिला कळलं की आपण उघड्या डोळ्यांनी समुद्रात तरंगतोय. तार्खेलियाचा गळका मास्क तोवर हातातून सुटून तळाला गेला होता.

“आई! तू काय करतेस?”

“राहू दे. वरची माझी पिशवी दे.”

पिशवीत मिलोचा मास्क होता. तो घालायला आणला नव्हता. नुसता बरोबर असावा म्हणून आणला होता. काच ओरखडे पडलेली, रबर पिवळं पडलेलं. मिशीमुळे फट राहायची म्हणून तो वरच्या ओठावर व्हॅसलीन फासायचा आणि तरी पाणी यायचंच, कारण तो पाण्यातसुद्धा हसायचा. “डोळ्यांत पाणी गेलेल्या माणसानं काय बघितलं असेल,” असं तार्खेलिया तेव्हा म्हणायची. एनेदिनाच्या तोंडाला तो कुठंच लागेना. तिनं एका हातानं तो चेहऱ्यावर दाबून धरला, दुसऱ्या हातानं कोमाद्रेचा हात, आणि लिसेथ दोघींना ट्यूबसकट खारफुटीकडे ओढू लागली.

मुळं पाण्यात उतरलेली होती, बोटांसारखी, शेवाळानं माखलेली. लिसेथ एका मुळापाशी थांबली, डोकं हलवलं. दुसरं. तिसरं. तिनं वर येऊन सांगितलं, “परवापर्यंत इथंच होते. पाणी थंड झालं की आत सरकतात.” आणखी एक मूळ. काही नाही. एनेदिनाच्या मास्कात पाणी नाकापर्यंत आलं होतं. डोळे चुरचुरत होते, हात बधिर झाला होता. तिला बेकरी दिसायला लागली, पिठानं माखलेला गल्ला, पावासाठी थांबलेली माणसं. आणि त्या सगळ्यांसमोर तोंडातून काढायचे ते शब्द. ती म्हणाली असती. शब्द दिला होता. पण ते शब्द तिच्याच तोंडून मिलोला ऐकवायचे, हे तिला सहन होईना.

“चला, परत फिरू,” लिसेथ म्हणाली. “आई, तुझे ओठ निळे पडलेत.”

त्याच वेळी तार्खेलियानं तिचा हात असा दाबला की हाडं मोडावीत.

नळीतून भोंगा वाजल्यासारखा आवाज आला. तार्खेलिया पाण्यात डोकं खुपसून ओरडत होती, पाय झाडत होती आणि बोटानं मुळाकडे दाखवत होती. एनेदिनानं मास्क दोन्ही हातांनी दाबला आणि खाली बघितलं. मुळाच्या रंगाचंच काहीतरी मुळाला लागून होतं. वाकडी मान. घोड्याचं तोंड. शेपटीचा वेढा मुळाला घट्ट. आणि पोट! गोल, फुगलेलं, पुढं काढलेलं, इवल्याशा अंगाला न शोभणारं. पाणी हललं की तो हलायचा आणि पुन्हा सरळ उभा राहायचा. आणि त्याच्या तोंडावर, देवाशपथ, काळजी होती.

तोंडावर अशी काळजी, अगदी माझ्यासारखी.

एनेदिना हसली. आयुष्यभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणत आली ते तिनं केलं, गाल भरून, आणि मिलोचा मास्क एका झटक्यात भरला. खारट पाणी डोळ्यांत गेलं आणि घोडा दिसेनासा झाला. ती खोकत वर आली. शेजारी तार्खेलिया आधीच वर आली होती, नळी कानात लटकत होती.

“पोट आहे! पोट आहे गं त्याला! हे एवढं!”

“बाई नसेल ती?” कप्तान बोटीवरून मुद्दाम ओरडला.

“बाईला पिशवी नसते!” तार्खेलिया ओरडली. “काही कळतं का तुम्हाला? लिसेथ, सांग त्यांना!”

लिसेथ ट्यूबला डोकं टेकून हसत होती, आणि नुसतं हसत नव्हती.

“तू गप्प बसली असतीस तर जिंकली असतीस,” एनेदिना धापा टाकत म्हणाली. “आम्हाला कोणालाच दिसला नव्हता.”

हे तार्खेलियाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“इतकं गोड असतं का गं ते?” ती म्हणाली. “मेल्यानं नीट सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं. आपण जेवत होतो.”

परत येताना बोटीवर एवढा गलका होता की इंजिन ऐकू येईना. प्रत्येकानं काहीतरी बघितलं होतं आणि प्रत्येकाचं दुसऱ्यापेक्षा मोठं होतं. भात-मासा वाटला गेला. एनेदिना दोनदा जेवली. धक्क्यावर उतरताना कोणी हात पुढं केला, तो तिनं धरला नाही.

कपडे न बदलताच दोघी स्मशानाकडे निघाल्या. गावाबाहेर पांढऱ्या वाळूत, निवडुंगांच्या मागं. मिलोच्या थडग्यावर प्लास्टिकची फुलं उन्हानं फिकी पडली होती, आणि कट्ट्यावर एक इग्वाना ऊन खात बसला होता. तार्खेलियानं त्याला हाकललं, ओले केस मागं सारले, कोणी ऐकतंय का बघितलं आणि घसा खाकरला.

“फ्लोरेसमिलो!” तिचा आवाज बंदरापर्यंत गेला असावा. “तुझा घोडा मी बघितला. पोट होतं त्याला. तू थापाड्या नव्हतास. चुकलं माझं!” मग जरा थांबून, हळू: “पण काळजीचं तोंड तुझ्यासारखं नव्हतं हां. तो दिसायला बरा होता.”

तिनं क्रूसाची खूण केली, एनेदिनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॉफी टाकते म्हणत निघून गेली. बेकरीवरून जाणार होती, हे उघड होतं.

एनेदिना एकटी राहिली. सूट अंगावर वाळून ताठ झाला होता, गालांवर मास्कचा गोल उमटला होता. तिनं पिशवीतून मिलोचा मास्क काढून वाळूत ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसली. उजेड अजून भरपूर होता. सांगायचं इतकं होतं की कुठून धरावं कळेना.

“ऐक,” ती म्हणाली. “आज मी सांगणार. आणि मध्ये बोलायचं नाही.”

तिनं धक्क्यापासून सुरुवात केली. मांटा सांगितला, लाटा सांगितल्या, कासवाचा डोळा सांगितला. पेंग्विनपाशी आल्यावर सवयीनं ती क्षणभर थांबली, तो घुसेल म्हणून.

मग तिनं पुढं सांगितलं, शेवटपर्यंत.